चौदा ड्यूकांचा जिना

आमचं गाव कोल्हापूरपासून एसटीनं तासाभरावर. नदीच्या या काठाला गाव आणि त्या काठाला आमची ढोरगल्ली. धंदा कातडी कमावण्याचा. परसात चुन्याचे दोन हौद आणि त्यांच्यापुढे तीन बांबूंची तिवई. केस आणि मांस काढून झालं की कातडं पिशवीसारखं शिवायचं, त्यात कुटलेला हिरडा आणि बाभळीची साल भरायची, तिवईला टांगायचं आणि वरून पाणी ओतायचं. ते पाणी झिरपत झिरपत खालच्या घमेल्यात उतरतं. घमेलं उचलायचं, पाणी पुन्हा वर. पुन्हा खाली, पुन्हा वर. हे काम माझं होतं. शाळेला जायच्या आधी वीस घमेली, शाळेतनं आल्यावर मोजायची नाहीत.

चुन्यानं आईच्या बोटांना भेगा पडलेल्या असायच्या. भाकरी थापताना पीठ त्या भेगांत बसायचं आणि ती तव्यापुढे हात झटकायची. उन्हाळ्यात नदी आटली की हौद कोरडे. मग काम बंद आणि चूल एक वेळ. आबा, म्हणजे माझे वडील, नाकानं काम करायचे. हौदातलं कातडं कधी काढायचं ते वास घेऊन सांगायचे. "आजून येक रात," किंवा "आत्ता, आत्ता काढ." घड्याळ आमच्याकडे नव्हतं आणि असतं तरी त्याला काही कळलं नसतं.

शाळेत माझ्या बाकावर मी एकटी. मास्तर वाईट नव्हते. त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं आणि तिथे उजेड चांगला असतो असं सांगितलं. उजेड खरंच चांगला होता. मी शिकले. आबा चौथी, आई शाळेची पायरी न चढलेली. आमच्या घरात दहावी झालेली पहिली मी, बारावी झालेली पहिली मी, इंजिनिअर झालेलीही मीच. हे मी मिरवायला सांगत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवायलाच सांगते आहे. एवढी घमेली उचलली आहेत.

पण हे मिरवणं मला उशिरा जमलं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना "वडील काय करतात?" या प्रश्नाला मी एक उत्तर बसवलं होतं: "लेदर बिझनेस." खोटं नव्हतं. ऐकणाऱ्याला शोरूम दिसायचं, मला हौद दिसायचा. दोन हजार दोनच्या ऑगस्टमध्ये मी पीएचडीसाठी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी उतरले, तेव्हा हे उत्तर माझ्याबरोबर आलं. मी ठरवून टाकलं होतं की इथे कुणाला काही कळू द्यायचं नाही. सात समुद्र ओलांडून आल्यावर पुन्हा खिडकीजवळ बसायची माझी तयारी नव्हती.

राहायला जागा मिळाली ती एका निवृत्त प्रोफेसरबाईंच्या घरी. वरच्या मजल्यावर दोघी मराठी मुली आधीच होत्या. पुण्याची मेधा आणि नागपूरची पल्लवी. तिसरी खोली रिकामी होती. बाई खाली राहायच्या. सत्तरी ओलांडलेली, उंच, खांद्यात जरा वाकलेली बाई. एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर, एक गळ्यात दोरीला, आणि शोध कायम चौथ्याचा.

मी दोन बॅगा घेऊन जिन्याशी गेले तशा त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "थांब. कुणावर पाय देते आहेस ते आधी माहीत करून घे."

जिन्याला चौदा पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीच्या उभ्या फळीवर पितळेची एक पट्टी ठोकलेली. प्रत्येक पट्टीवर एक नाव. नॉर्मंडी म्हणून फ्रान्सच्या उत्तरेला एक मुलूख आहे. हजारएक वर्षांपूर्वी तिथे ड्यूकांची गादी होती. बाईंनी सगळा जन्म त्या गादीवर कोण कुणानंतर बसला, कसा बसला आणि कुणाला ढकलून बसला, हे शिकवण्यात घालवला होता. खालची पहिली पायरी रोलोची. हा समुद्रावरून लुटालूट करत आलेला, त्याला फ्रान्सच्या राजानं जमीन देऊन गप्प केलं. दुसरी विल्यमची, तो बोलणी करायला गेला आणि मारला गेला. मग तीन रिचर्ड एकामागोमाग एक. मग रॉबर्ट, मग दुसरा विल्यम, असं करत वरची चौदावी पायरी जॉनची. त्यानं सगळा मुलूखच घालवला.

"जॉनच्या पायरीवर काही ठेवायचं नाही," बाईंनी बजावलं. "तो हरवतो."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मी लॅबची किल्ली चौदाव्या पायरीवर ठेवली आणि ती आजतागायत सापडलेली नाही.

घरात राहणाऱ्या प्रत्येकीला एक पायरी मिळायची. ती पुसायची, तिच्या ड्यूकची सगळी माहिती ठेवायची, आणि बाईंनी कधीही विचारलं तर सांगायची. हातात दुधाचा कॅन असताना विचारलं तरी. मेधाला नववी मिळाली होती, पहिला हेन्री. त्यानं थोरल्या भावाला हरवून उरलेला जन्म कैदेत ठेवलं. तो थोरला भाऊ म्हणजे आठवी पायरी, आखूड पायांचा रॉबर्ट, आणि ती पल्लवीकडे.

"मी बुटकी आहे म्हणून दिली मला," पल्लवी म्हणायची. "आणि वरून ही रोज माझ्या डोक्यावर पाय देऊन जाते यार."

"मी तुला जेवायला घालते ना कैदेत?" मेधा म्हणायची. पोळ्या तीच करायची.

मला पाचवी मिळाली, तिसरा रिचर्ड. गादीवर जेमतेम वर्षभर टिकला. धाकट्या भावानं विष घातलं असं लोक म्हणायचे. "नव्या मुलीला पाचवीच देते मी," बाई म्हणाल्या. "वर्ष टिकलीस तर बघू."

सातवी पायरी कुणाकडेच नव्हती. मी विचारलं तर म्हणाल्या, "ती रिकामी आहे. माणूस आलं की देईन."

बाईंच्या सवयी सांगायच्या तर वेगळी वही लागेल. त्या गाडी कधी रिव्हर्स घ्यायच्या नाहीत. पार्किंगमध्ये अशीच जागा शोधायच्या जिथून सरळ पुढे बाहेर पडता येईल, नाही मिळाली तर घरी परत. एकदा तांदूळ आणायला मला बरोबर नेलं आणि तिसऱ्या फेरीनंतर तशाच परत आलो. टीव्ही नव्हता. वर्तमानपत्र यायचं, त्यात कुठल्या कंपनीचा मालक बदलला की त्या लाल पेननं "मुलगा? पुतण्या? जावई?" असं समासात लिहायच्या. आमचे पोहे त्यांना फार आवडायचे. आम्ही त्यांना पाठीमागे आजी म्हणायचो. एक दिवस त्यांनी जिन्यातून आमचं बोलणं ऐकलं, अर्थ विचारला आणि म्हणाल्या, "मी कुणाचीही आजी नाही. माझ्यानंतर हे घर भाच्याला जाणार आहे आणि तो कार्पेट घालणार आहे या जिन्यावर." त्या दिवशी त्या चौदाव्या पायरीवर जाऊन बसल्या. त्या जॉनच्या पायरीवर बसल्या की बोलायचं नाही, हे आम्हाला सांगावं लागलं नाही.

त्यांचं एक वाक्य मी अजून वापरते. "गादी लायक माणसाला मिळत नाही. जो जिवंत आणि हजर असतो त्याला मिळते." माझी पहिली मोठी परीक्षा होती तेव्हा मला ताप होता आणि मी तारीख बदलून घेणार होते. त्यांनी हे वाक्य म्हटलं आणि माझ्या हातात छत्री दिली. मी हजर राहिले. पास झाले.

सातव्या पायरीची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती सप्टेंबरातल्या एका रविवारी. बाई पट्ट्यांना पॉलिश करत होत्या आणि आम्ही तिघी आपापल्या पायरीवर फडकी घेऊन बसलो होतो.

"सातवा ड्यूक, विल्यम," बाई म्हणाल्या. "आईबापाचं लग्न झालेलं नव्हतं. बाप सहावा ड्यूक, रॉबर्ट. आई कोण? गावातल्या कातडी कमावणाऱ्याची मुलगी. बाप यात्रेला गेला आणि वाटेत मेला. पोरगं सात-आठ वर्षांचं. सांभाळणारे एकेक करून मारले गेले. पण तो टिकला. मोठा झाल्यावर एका किल्ल्याला वेढा घालायला गेला, तर तिथल्या लोकांनी तटावर कातडी टांगली आणि ती काठ्यांनी बडवली. तुझा आजोबा कातडीवाला, हे त्याला ऐकवायला."

"बाप रे," पल्लवी म्हणाली. "मग?"

"किल्ला घेतला आणि बडवणाऱ्यांचे हातपाय तोडले. पुढे इंग्लंड जिंकलं. आज कुणाला त्या किल्ल्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही."

मी पाचव्या पायरीवर खाली मान घालून पट्टी घासत होते. ती आधीच चकचकीत झालेली होती. माझे कान तापले होते. नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी तटावर टांगलेलं ते कातडं मला आमच्या परसातलं वाटत होतं आणि आता ही बाई मान वळवून माझ्याकडे बघणार असं वाटत होतं. ती बघत नव्हती. तिला काहीच माहीत नव्हतं.

तेवढ्यात मेधानं सहज विचारलं, "तुझ्या बाबांचाही लेदरचाच बिझनेस ना? एक्सपोर्ट वगैरे?"

"हो," मी म्हणाले. "छोटाच आहे."

दर डिसेंबरात, वर्ग संपले की एका शनिवारी दुपारी बाई जुन्या विद्यार्थ्यांना आणि शेजाऱ्यांना घरी बोलवायच्या. त्या दिवशी आम्ही भाडेकरू आपापल्या पायरीवर उभं राहून आपल्या ड्यूकच्या तोंडून सांगायचं, की गादी कशी मिळाली आणि कशी गेली. उरलेल्या पायऱ्या पाहुण्यांना. सातवीवर बाई स्वतः उभ्या राहायच्या. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की कातडी बडवायची ती खरीच बडवायची. पेनसिल्व्हेनियात नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर सगळे हरणांच्या शिकारीला जातात. शेजारच्या माणसानं एक हरीण मारलं होतं, त्याचं कातडं बाईंनी मागून आणलं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

शनिवार आठवड्यावर आला होता. मी लॅबमधून कॅम्पसच्या बसनं घरी आले, दार उघडलं आणि बूट काढता काढता थांबले. हीटिंग चालू होतं. जमिनीतल्या व्हेंटमधून गरम हवा येत होती आणि तिच्यात तो वास होता.

तशीच वर गेले तर पल्लवी खुर्चीवर चढून रूम फ्रेशनर मारत होती. "उंदीर मेलाय यार व्हेंटमध्ये. कुणाला तरी कॉल करायला पाहिजे."

मेधानं स्वेटरची बाही नाकाला लावली होती. "हा उंदीर नाहीये गं. मला माहितीये हा वास. आमच्या आजोळी नदीकडे ढोरवाडा होता, तिथनं जाताना असाच यायचा. आई नाकाला पदर लावायची आणि आम्हाला म्हणायची, श्वास धरा, मारुतीपर्यंत."

"मारुतीपर्यंत?"

"पुढे देऊळ होतं ना मारुतीचं. तिथे पोचलं की सोडायचा." ती हसली. लहानपणची गंमत सांगावी तसं सांगत होती ती, त्यात वाईट असं काही नव्हतं. मी एक बूट हातात घेऊन खोलीच्या दारात उभी होते.

मला एका श्वासात सगळं कळलं होतं. कातडं, मीठ न लावलेलं, तीन-चार दिवसांचं, ऊब लागलेलं. केस सुटायला लागले असणार. अजून हातचं गेलेलं नाही, पण उद्या सकाळी गेलं.

मी गप्प बसू शकले असते. एक दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या असत्या, कातडं कचऱ्यात गेलं असतं, आणि माझं 'लेदर बिझनेस' शाबूत राहिलं असतं. मी खाली गेले त्यात काही धैर्य वगैरे नव्हतं. चांगलं कातडं वाया जाताना मला बघवत नाही, एवढंच.

बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी, बाईंनी कपड्याच्या दोरीवर कातडं टाकलं होतं आणि झाडूच्या दांड्यानं त्या ते बडवत होत्या. थप, थप. ओल्या गोधडीसारखा आवाज.

"वाजत नाही," त्या म्हणाल्या. विद्यार्थी नापास झाल्यासारखा चेहरा.

"हे पिशवीत ठेवलं होतं?"

"फर्नेसला लागून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मध्ययुगात कातडी बंद उबदार खोलीत ठेवत, म्हणजे केस सैल होतात. मी वाचलंय."

"बरोबर वाचलंय. किती वेळ ठेवायचं ते लिहिलं होतं?"

"नाही."

"ते लिहिता येत नाही. ते वासावरून कळतं. मीठ कुठे आहे?"

कोपऱ्यात ड्राइव्हवेवरचं बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाची मोठी थैली होती. मी बाह्या वर केल्या, कातडं जमिनीवर पसरलं आणि मुठीमुठीनं मीठ चोळायला लागले. हात आपोआप चालत होते. मानेकडून पाठीकडे, पाठीकडून पोटाकडे. केस बोटांबरोबर निघून येत होते. मांसाचे पापुद्रे काढायला बोथट धारेचं काहीतरी हवं होतं. मी बाईंच्या गाडीतली काचेवरचं बर्फ खरवडायची पट्टी मागितली. त्यांनी ती निमूट आणून दिली. काहीही न विचारता त्यांनी काही दिल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"ओलं कातडं वाजत नाही," मी खरवडता खरवडता म्हणाले. "कमावलेलंही फार वाजत नाही, मऊ पडतं. कच्चंच ताणून सुकवलं तर वाजतं, डफासारखं. तुमच्या किल्ल्यातल्या लोकांनी हौदातली ओली कातडी टांगली नसणार. सुकलेली असणार. मला एखादी चौकट लागेल."

"तीस वर्षं मी ओली म्हणून शिकवलंय."

"मग तीस वर्षं चुकलंय."

बाई खाली वाकल्या. "तुला हे कुठून माहीत?"

संशयानं नव्हतं विचारलं. प्रोफेसर संदर्भ मागतात तसं विचारलं, पुस्तक कोणतं, पान कितवं. मी वर बघितलं. बेसमेंटच्या जिन्यावर मेधा आणि पल्लवी येऊन उभ्या होत्या. दोघींची नाकं झाकलेली.

"माझे वडील कातडी कमावतात," मी म्हणाले. "आजोबा कमावायचे. मीही कमावायचे, बारावी होईपर्यंत. आमची जातच ती." मग मराठीत म्हणाले, "मेधा, तुझ्या मारुतीच्या अलीकडचे आम्ही."

मेधाचा हात खाली आला. एकदम नाही, हळूहळू, जसा आपला हात तिथे आहे हे तिला आत्ताच कळलं असावं तसा. फर्नेस घरघरत होती.

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, मग डोक्यावरचा. "कातडीवाल्याच्या मुलीबद्दल मी जन्मभर बोलते आहे," त्या म्हणाल्या, "आणि कातडीवाल्याची मुलगी घरात आली तर तिला पाचव्या पायरीवर ठेवलं. अक्षम्य आहे हे." आणि चौकट शोधायला निघून गेल्या. त्यांना यात दुसरं काही अवघड वाटलेलं दिसलं नाही. त्यांची अडचण फक्त पायरी चुकल्याची होती.

मेधा खाली उतरली. माझ्या समोर उकिडवी बसली.

"मी आईचं ते सांगितलं मघाशी," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

"हं." ती कातड्याकडे बघत राहिली. "धरू का त्या बाजूनं? तुझ्याकडून सरकतंय."

"मीठ झोंबेल हाताला."

"झोंबू दे."

तिनं धरलं. चुकीच्या जागी धरलं, मग मी सांगितलं तिथे धरलं. पल्लवी अजून जिन्यावरच होती. "सांगायचं ना यार आधी," ती म्हणाली. "मी आख्खा फ्रेशनर संपवला."

पुढे सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. कॅम्पसवरच्या मराठी मंडळींत बातमी पोचली. ज्यानं त्यानं एकेक पदार्थ करून आणायचा अशा पॉटलकमध्ये एका मुलानं मला विचारलं, की म्हणजे तू नक्की कोण. मी सांगितलं. त्यानं "अच्छा, अच्छा" म्हणत आपली प्लेट दुसऱ्या टेबलावर नेली. मेधानं माझी पुरणपोळी त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवली आणि मोठ्यानं म्हणाली, "घे ना, तिनं केलीय." त्यानं खाल्ली. गर्दीत काय करणार? मला त्या दिवशी आढळलं की माझे कान तापत नाहीत.

शनिवारपर्यंत कातडं जुन्या पलंगाच्या चौकटीवर ताणून सुकलं. बोटानं टिचकी मारली तरी घुमायचं. आदल्या दिवशी बाईंनी मला सातवी पायरी दिली. मी पाहिलं तर विल्यमच्या पट्टीखाली एक छोटी नवी पट्टी ठोकलेली. तिच्यावर नाव होतं अर्लेवा.

"त्याची आई," बाई म्हणाल्या. "गादीला वारस तिनं दिला आणि यादीत तिचं नाव नाही. माझ्याही जिन्यावर नव्हतं. तू कुणाच्या तोंडून बोलणार ते तू ठरव."

दुपारी घर माणसांनी भरलं. रोलो झालेला शेजारी आपला शिकारीचा कोट घालून आला होता. एकेक पायरी बोलत वर आली. पाचवीवरच्या रिचर्डचं काम एका जुन्या विद्यार्थ्यानं केलं आणि तो फारच लवकर मेला. सातवीवर मी उभी राहिले. बाईंनी दांडा उचलला आणि कातडं बडवलं. खिडकीच्या काचा थरथरल्या.

"मी ड्यूकची आई," मी म्हणाले. "तुम्ही हे वाजवताय ते माझ्या बापाच्या हातचं आहे. नीट ऐका. इतकं चांगलं सुकवलेलं कातडं या मुलखात दुसऱ्या कुणाला जमत नाही, म्हणून तर इतकं लांब ऐकू जातंय."

एवढंच ठरवलं होतं. मग मला पाठ केलेलं काही आठवेना, म्हणून मी घमेल्यांचं सांगितलं. सकाळी वीस, संध्याकाळी मोजायची नाहीत. नॉर्मंडीत घमेली होती की नव्हती कोण जाणे. बाईंनी त्या दिवशी एकही चूक काढली नाही.

मेधा दोन वर्षांनी नोकरीला फ्रीमाँटला गेली, पल्लवी लग्न करून ट्रॉयला. नव्या मुली आल्या, त्यांना पाचवी मिळाली. मी सातवी सोडली नाही. माझा विषय पाणी गाळणाऱ्या पडद्यांचा. पाणी वरून ओतायचं आणि खाली काय उतरतं ते बघायचं. एकदा प्रयोग सलग चार महिने फसला तेव्हा माझ्या गाइडनी विचारलं, कंटाळत नाहीस का गं. मी म्हणाले, मला सवय आहे.

दोन हजार सातच्या मे महिन्यात पदवीदान होतं. आबांना व्हिसाच्या मुलाखतीला जायचं होतं. मी फोनवर सांगितलं, "धंदा विचारला तर खरं सांगा." ते म्हणाले, "मग काय खोटं सांगत हुतो व्हय आजवर?" विमानाची भीती म्हणून आई आली नाही. तिनं शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी साडी पाठवली.

आबा घरी आले, जिन्याशी थांबले आणि चपला काढल्या.

"कशाला काढतात ते?" बाईंनी विचारलं.

मी आबांना विचारलं. "नावं हाईत न्हवं पायऱ्यांवर," आबा म्हणाले. "माणसाच्या नावावर चप्पल घालून कसं चढायचं?"

मी भाषांतर केलं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की पाच वर्षांत तुम्हा कुणालाही हे सुचलं नाही. मग स्वतःचेही बूट काढले.

दोघं एकेक पायरी वर आली. बाई नाव सांगायच्या, मी मराठीत सांगायचे, आबा मान डोलवायचे. भावानं भावाला मारलं, पुतण्याचं बळकावलं, हे त्यांना नवीन नव्हतं. "भाऊबंदकी सगळीकडं येकच," ते म्हणाले. सातव्या पायरीपाशी भिंतीवर ते कातडं चौकटीसकट टांगलेलं होतं. आबांनी अंगठ्यानं दाबलं. वास घेतला. कडेकडेनं बोट फिरवलं.

"पोटाकडं जास्त खरवडलंस."

"गाडीच्या बर्फाच्या पट्टीनं खरवडलंय, आबा."

"मग बरं हाय." त्यांनी टिचकी मारली. जिनाभर घुमलं.

बाईंनी सातव्याची गोष्ट सांगितली. कातडीवाल्याची लेक, तिचा पोरगा, किल्ला, तटावरची कातडी, काठ्या. आबा चौकटीला हात लावून ऐकत होते.

"मग त्यानं काय केलं?"

"बडवणाऱ्यांचे हातपाय तोडले."

आबांनी चौकटीवरून हात काढला. "हात कशापायी तोडायचं?" ते म्हणाले. "कातडीवाल्याचा नातू हुता तर त्येला कळाय पायजे हुतं. हातानंच तर समदं हुतंय. आणून हौदावर बसवायचं हुतं त्यास्नी. चार दिस."

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, खिशातून लाल पेन काढलं आणि जवळ कागद नव्हता म्हणून काखेतल्या वर्तमानपत्राच्या समासात लिहून घेतलं.

"नऊशे वर्षांत हा मुद्दा कुणी काढल्याचं माझ्या वाचनात नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं पूर्ण नाव सांग. तळटीपेत लागेल."

आबांनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं आणि गावाचं.

दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरेट मिळाली. आबा दुसऱ्या रांगेत बसले होते आणि बाई त्यांच्या शेजारी. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आईचं आणि आबांचं नाव आहे, आणि नावांखाली ते काय करतात ते लिहिलेलं आहे: कातडी कमावतात. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर आणि आमच्या गल्लीतली पहिली डॉक्टर.